तापल्यावर अडणारा गिअर : १९९२ च्या माझदा मियाटावरील कामाच्या नोंदी

गाडी : माझदा एमएक्स-५ मियाटा, १९९२, १.६ लिटर इंजिन, पाच गिअर, स्टिअरिंग डावीकडे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटहून ट्रेसीकडे, ऑल्टामाँट खिंडीतून रोजचा वापर. उन्हाळ्यात खिंडीच्या अलीकडे गार वारा आणि पलीकडे चाळीशीचा पारा, त्यामुळे गरम-थंड फरक तपासायला रस्ता उत्तम.

तक्रार : सकाळी गिअर ठीक पडतात. दुपारी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये काढला की पहिला आणि रिव्हर्स पडत नाहीत, दुसरा खरखरत पडतो. गिअरच्या दांड्याला हात लावला तर चटका बसतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा सगळे सुरळीत.

२२ जून २०२४

कुठलेही नट-बोल्ट सोडवण्याआधी तक्रारीचे दोन भाग करून घेतले. या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स थंड असताना दुसऱ्या गिअरला थोडा जड असतोच. ऑइल घट्ट असते, सिंक्रोची (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी) रिंग शाफ्टला वेळेत थांबवू शकत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप जाते. तो या बॉक्सचा स्वभाव आहे. आपला त्रास याच्या नेमका उलट आहे: थंड असताना बरा, तापल्यावर वाईट. म्हणजे घट्ट ऑइलवर संशय घेण्यात अर्थ नाही.

तापल्यावर बिघडणाऱ्या जागा मोजक्याच. दांड्याच्या बुडाशी असलेली ऑइलची छोटी वाटी आणि तिथले रबरी बूट (आवरणे) व बुश. क्लचची हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे पेडलने फ्लुइडवर दाब देणारा मास्टर सिलिंडर, तो दाब नेणारी नळी आणि त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. क्लचप्लेट आणि पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक इंजिनाच्या बाजूला धरणारे). आणि गिअरबॉक्सचे ऑइल जुने होऊन पातळ झाले असेल तर ते. पहिल्या दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. तिसऱ्यासाठी लागतो. म्हणून 'गिअरबॉक्स गेला' हा निष्कर्ष अगदी शेवटी काढायचा, पहिल्या दिवशी नाही. चांगले बॉक्स उतरवून बदलले जातात आणि त्रास तसाच राहतो, कारण दोष बॉक्सच्या बाहेर असतो.

२३ जून

आजची कसोटी फुकटची आणि सर्वांत महत्त्वाची. गाडी पूर्ण तापवून, ट्रॅफिकमधून आणून सपाट जागी उभी केली.

इंजिन बंद, क्लच दाबलेला: पाचही गिअर आणि रिव्हर्स पडतात. दांडा कोरडा घासल्यासारखा चालतो, न्यूट्रलमध्ये डावी-उजवीकडे भरपूर लुळा आहे, पण अडत कुठेच नाही.

इंजिन चालू, क्लच दाबलेला: पहिला जोर लावून पडतो. क्लच तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तर करकर. एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबलेला असायला हवा. करकर होते याचा अर्थ तो अजून फिरतोय, क्लच पूर्ण सुटलेला नाही.

इंजिन बंद असतानाही गिअर अडले असते तर दोष दांड्याच्या यांत्रिक भागात किंवा बॉक्सच्या आत शोधला असता. फक्त इंजिन चालू असताना अडत असतील तर क्लच ओढतोय. आपल्याकडे कोरडा, लुळा दांडा आणि न सुटणारा क्लच असे दोन्ही दोष एकत्र नांदताहेत, आणि दोघेही उष्णतेत वाढतात. पैकी एकच दुरुस्त केला तर 'फरक पडला पण गेले नाही' अशी अवस्था होते आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

दुजोऱ्यासाठी मागची चाके स्टँडवर घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावली, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि या कसोटीत तो सोडावा लागतो. क्लच दाबून पहिला टाकला, इंजिन आयडलवर. मागची चाके हळू फिरतात. बेअरिंगच्या घर्षणाने थोडी फिरणे चालते. आता ब्रेक हळूच दाबायचा. चाके थांबली आणि आरपीएम हलला नाही तर क्लच सुटलाय. इथे आरपीएम स्पष्ट खाली गेला. थंड गाडीवर हेच केल्यावर काटा हलला नाही.

ही पद्धत कुठल्याही मॅन्युअल गाडीला लागू आहे. फरक पुढच्या पायरीत. मारुती ८०० सारख्या केबलच्या क्लचमध्ये नळी आणि सिलिंडर नसतातच. तिथे केबलची मोकळीक आणि केबल एक्झॉस्टला कुठे लागते का, ते पाहायचे.

२९ जून

दांड्याचे काम आधी घेतले, कारण ते वरून, गाडीच्या आतून होते आणि चटक्याचे कारण तिथेच असणार.

नॉब डावीकडे फिरवून काढला. सेंटर कन्सोलचे स्क्रू काढून कन्सोल उचलला. खिडक्यांच्या बटणांचा कनेक्टर सोडवायला विसरू नये, वायर आखूड आहे. खाली मोठा रबरी बूट दिसतो, १० च्या पान्याच्या चार बोल्टांवर. त्याच्याखाली गिअरबॉक्सच्या मानेवर छोटा बूट आणि त्याची पट्टी, तीही १० च्या तीन बोल्टांवर. हे तीन काढले की दांडा सरळ वर येतो. बोल्ट काढण्याआधी आजूबाजूची माती व्हॅक्यूमने आणि ब्रशने साफ करावी. उघड्या मानेतून वाळू आत गेली तर ती थेट गिअर निवडणाऱ्या सिलेक्टरवर जाते.

मोठा बूट बुडाशी अर्ध्या परिघापर्यंत फाटलेला. म्हणजे बोगद्यातली (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या पोकळीतली), एक्झॉस्टशेजारची हवा सरळ केबिनमध्ये. छोटा बूट दांड्याभोवती चिरलेला. वाटीत बोटभरही ऑइल नव्हते. तळाला काळा चिकट गाळ होता. दांड्याच्या टोकावरची नायलॉनची टोपी एका बाजूने झिजून अंडाकृती झालेली. लुळेपणा त्यामुळे.

या वाटीचे ऑइल गिअरबॉक्सपेक्षा वेगळे भरायचे असते. गिअरबॉक्सचे ऑइल कितीही वेळा बदलले तरी वाटी कोरडीच राहते, आणि या मॉडेलच्या पुष्कळ गाड्यांत ती वर्षानुवर्षे उघडलेली नसते. छोटा बूट चिरला की उरलेले ऑइल उडते आणि वाळते. कोरडा गोळा तापला की नायलॉन फुगते आणि दांडा घासतो. 'तापल्यावर जड' या तक्रारीचा एक हिस्सा इथलाच.

साफसफाईत सगळ्यात जास्त वेळ गेला. मोठ्या सिरिंजला मऊ नळी लावून गाळ ओढला. घट्ट उरलेल्यासाठी थोडे ताजे गिअर ऑइल ओतून, हलवून, परत ओढले. ब्रेक क्लीनरचा फवारा इथे मारू नये. वाटीतले जास्तीचे द्रव गिअरबॉक्समध्ये उतरते आणि आतल्या ऑइलमध्ये मिसळते. कापड वापरायचे तर धागे न सुटणारे.

नवीन किटमध्ये दोन्ही बूट, नायलॉनची टोपी आणि गॅस्केट मिळाले. टोपी बसवण्याआधी दांड्याच्या गोळ्यावरचा गंज ६०० च्या पॉलिश पेपरने उतरवला; खड्डे असते तर दांडाच बदलावा लागला असता. वाटीत ७५डब्ल्यू-९० (घट्टपणाचा दर्जा) ऑइल ९० मिलि. फॅक्टरीचे प्रमाण ८० ते ९५ मिलि आहे. अंदाजाने ओतू नये, सिरिंजने मोजून घालावे. तिन्ही बोल्ट छोटे, एम-६, आणि धागा अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये आहे: ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. धागा गेला तर इन्सर्ट घालण्यासाठी बोगद्यात हात वाकडा करून काम करावे लागते.

छोटा बूट दांड्यावर चढवताना कोरडा खेचला तर तिथेच चिरतो. सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. पेट्रोलियम ग्रीस नको, रबर फुगते.

साडेतीन तास गेले, त्यातला दीड तास नुसता गाळ काढण्यात. किट ७८ डॉलर.

६ जुलै

या आठवड्यात उष्णतेची लाट आहे. ट्रेसीच्या बाजूला दुपारी पारा ४१ च्या वर, त्यामुळे कसोटीला यापेक्षा चांगला दिवस नाही.

दांड्याचा चटका गेला. केबिनमध्ये घोट्याजवळ येणारी गरम झुळूक थांबली. बूट बदलण्याआधी बुटाच्या कडेला ६१ अंश मोजले होते, आता तेवढ्याच प्रवासानंतर ४४. दांडा घट्ट आणि गुळगुळीत, गेट (गिअरच्या खाचा) स्पष्ट जाणवतात. पण ट्रॅफिकमध्ये पाऊण तास काढल्यावर रिव्हर्सला करकर आहे तशीच. अपेक्षित होते, दुसरा दोष अजून जागेवर आहे.

क्लच पेडल दोन-तीनदा भराभर मारून लगेच गिअर टाकला तर पडतो. पायलट बेअरिंग जाम असते किंवा क्लचप्लेट शाफ्टवर अडकत असती तर पेडल मारल्याने काही बदलले नसते. पेडल मारून फरक पडतो म्हणजे दोष हायड्रॉलिकमध्ये. गिअरबॉक्स उतरवायची पाळी टळली असे धरायला हरकत नाही.

इथे नेहमी ऐकू येणारे निदान म्हणजे 'फ्लुइड उकळते'. मोजून पाहिले. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. त्यामुळे वायरचे थर्मोकपल (चिकटवून तापमान मोजणारी तार) घेतले आणि स्लेव्हच्या अंगाला अ‍ॅल्युमिनियम टेपने चिकटवले. दुसरे मास्टरच्या अंगावर.

हायवेवर वाहता वारा असताना स्लेव्ह ६८ अंश, मास्टर ५५.
ट्रॅफिकमध्ये स्लेव्ह ८४, मास्टर ७४.
इंजिन बंद करून वीस मिनिटांनी स्लेव्ह ९६, मास्टर ८१.

सर्वांत जास्त तापमान गाडी थांबवल्यावर येते. वारा थांबतो, पंखा थांबतो आणि इंजिनची सगळी उष्णता आजूबाजूला पसरते. पेट्रोल भरायला थांबून परत निघताना त्रास जास्त का होतो, ते यावरून कळते.

आता हे आकडे फ्लुइडच्या उत्कलनबिंदूशेजारी ठेवून पाहा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक-क्लच फ्लुइडचे दर्जे. ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, ओलावा शोषलेले १४० पर्यंत. डॉट ४ ला २३० आणि १५५. आपण ९६ वर आहोत. अतिशय जुने, पाणी साठलेले फ्लुइड सोडले तर रस्त्यावरच्या गाडीच्या क्लचमध्ये ते उकळण्याची शक्यता फार कमी. तेव्हा नळीला उष्णता परतवणारी सोनेरी टेप गुंडाळून हा आजार बरा होणार नाही. उष्णतेने इथे दोष निर्माण केलेला नाही. आधीच कमजोर झालेला रबरी भाग उघडा पाडलाय. कुठला, एवढेच शोधायचे आहे.

७ जुलै

स्लेव्ह गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, बेलहाउसिंगवर आहे, एक्झॉस्ट डावीकडे. मास्टर डावीकडे फायरवॉलवर, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूलाच. दोघांना जोडणारा पाइप फायरवॉलवरून आडवा जातो आणि शेवटी आखूड रबरी नळी.

स्लेव्हच्या पुढचा रबरी टोपडा बोटाने मागे सारला. काळे फ्लुइड ओघळले. टोपड्याच्या आत फ्लुइड म्हणजे सील गेले, यावर वाद नाही. क्लच फ्लुइडच्या टाकीतली पातळी थोडीच उतरलेली असते, कारण गळती टोपड्यात साठत राहते आणि जमिनीवर डाग पडत नाही. खाली डाग नाही म्हणून गळती नाही, असे धरू नये.

तरीही मोजमाप पूर्ण केले, कारण एक भाग खराब सापडला म्हणून बाकीचे चांगले ठरत नाहीत. मदतनीस पेडल दाबतो, खालून व्हर्नियरने स्लेव्हचा पुशरॉड (क्लचला ढकलणारी दांडी) किती सरकला ते मोजायचे. या गाडीला गिअर नीट पडायला साधारण १२-१३ मिलिमीटर तरी सरकावा लागतो.

थंड : १३.४ मिमी. पेडल एक मिनिट दाबून ठेवल्यावर १३.१.
गरम : १०.८ मिमी. एक मिनिटाने ९.

हे दोन आकडे वेगळे वाचायचे. पहिल्याच दाबात रॉड कमी सरकतो आणि मग तिथेच टिकतो, तर नळी फुगतेय किंवा हवा आहे. पुरेसा सरकतो पण पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू मागे येतो, तर सील गळतेय: बाहेर ओले दिसले तर स्लेव्ह, कुठेच ओले नाही तर मास्टरच्या आतले सील. आपल्याकडे पहिल्या दाबातच अडीच मिलिमीटर कमी, आणि वर मागेही येतोय. म्हणजे सील तर गेलेच, नळीही संशयित. गरम असताना रबरी नळी दोन बोटांत धरून पेडल दाबायला सांगितले. फुगलेली स्पष्ट जाणवली. थंडीत तशी नव्हती. नळीवर वर्ष छापलेले नव्हते, पण बाहेरचे रबर वाकवल्यावर बारीक तडे दिसले.

रबरी नळी चिमट्याने दाबून बंद करण्याची एक पद्धत चालते. जुन्या नळीवर ती करू नये, आतला थर सोलून झडप बनतो आणि क्लच परत वर येत नाही.

१३ जुलै

स्लेव्ह, मास्टर आणि नळी तिन्ही एकदम बदलायचे ठरवले. मास्टरच्या आतले सील अजून धरून होते. तरी बदलला, आणि कारण सांगण्यासारखे आहे. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन सिलिंडरच्या ठराविक भागातच फिरतो. पुढचा न वापरलेला भाग गंजतो, तिथे कण साठतात. स्लेव्ह बदलल्यावर हवा काढताना पेडल तळापर्यंत मारले जाते आणि जुने सील त्या खरखरीत भागावरून घासत जाते. मग महिन्याभरात मास्टर गळू लागतो आणि सगळे काम परत. दोन्ही एकदम केले की मजुरी एकदाच.

स्लेव्हचे दोन बोल्ट सोपे आहेत. अडचण पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटची. तीस वर्षांच्या गंजाने तो पाइपला चिकटून बसतो आणि साध्या पान्याने कोपरे गोल होतात. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवले, १० चा फ्लेअर नट पाना वापरला, तरी मास्टरकडचा नट पाइपसकट फिरू लागला. जोर लावून पाइप पिळण्यापेक्षा तो कापून टाकला, कारण मास्टरपासून स्लेव्हपर्यंत एकसंध, स्टीलची जाळी असलेली टेफ्लॉनची नळी टाकायचीच होती. ज्यांना मूळ पाइप ठेवायचा आहे त्यांनी नटभोवती उष्णता देण्याचा मोह टाळावा. जवळच रबर, वायरिंग आणि फ्लुइड आहे.

नवीन नळी कुठून न्यायची यात अर्धा तास घालवला आणि तो सत्कारणी लागला. मूळ पाइपचा मार्ग डोळे झाकून धरला नाही. एक्झॉस्टपासून जितकी दूर जाईल तितकी दूर, स्टिअरिंगच्या शाफ्टला आणि धारदार कडांना न लागता, आणि वाटेत कुठेही उंचवटा न ठेवता. उंचवट्यावर हवा अडकते आणि पेडल मारून ती कधीच निघत नाही. जाळीची नळी कशावर घासली तर ती स्वतः झिजत नाही, समोरची वस्तू कापते. म्हणून क्लिपच्या जागी रबराचा तुकडा घातला.

स्लेव्ह ४२, मास्टर ६८, नळी ५४, डॉट ४ चा डबा १४ डॉलर.

१४ जुलै

हवा काढायला पूर्ण सकाळ गेली. पेडल दाबा-सोडा पद्धतीने पेडल अर्ध्यापर्यंतच भरले आणि पुढे सरकेना. टाकी लहान आहे, पाच-सहा दाबांतच पातळी तळाशी जाते; एकदा हवा शोषली की पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी उलटे केले. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) नळी लावून ६० मिलि सिरिंजने खालून वर फ्लुइड ढकलले. हवा स्वभावतः वर जाते, ती टाकीत बुडबुड्यांनी बाहेर आली. सिरिंज आणि नळीत आधी फ्लुइड भरून बुडबुडे काढावेत आणि टाकी आधी अर्धी रिकामी करावी, नाहीतर वरून सांडते. ब्रेक फ्लुइड रंग खाते; सांडले तर पुसत बसू नये, भरपूर पाणी ओतावे.

त्यानंतर स्लेव्हमध्ये मागे अडकलेली हवा काढायला निपल उघडून पुशरॉड हाताने पूर्ण आत दाबला, निपल बंद केला, रॉड सोडला. एवढ्याने पेडल कडक झाले.

पेडलची मोकळीक शेवटी बघायची, आणि ही पायरी अजिबात सोडू नये. नवीन मास्टरच्या पुशरॉडची लांबी जुन्याइतकीच असेल असे नाही. पेडलला हाताने दाबून एक ते तीन मिलिमीटर मोकळी चाल जाणवली पाहिजे. रॉड लांब ठेवला आणि मोकळीक शून्य झाली तर मास्टरमधले परतीचे छिद्र झाकले जाते. मग गरम झालेले, प्रसरण पावलेले फ्लुइड टाकीत परत जाऊ शकत नाही. ते स्लेव्हला आपोआप दाबते आणि क्लच तापल्यावर घसरू लागतो. तापल्यावर गिअर अडतो तो एक आजार, तापल्यावर क्लच घसरतो तो दुसरा, आणि पहिला बरा करताना निष्काळजीपणाने दुसरा लावून घेणे सहज शक्य आहे. लॉक नट घट्ट केल्यावर मोकळीक पुन्हा तपासावी, आवळताना ती बदलते.

२० जुलै

तेच थर्मोकपल, तोच रस्ता, खिंडीत रांग.

पुशरॉड थंड : १४.६ मिमी, एक मिनिटाने १४.६.
गरम : १४.३ मिमी, एक मिनिटाने १४.२.

गाडी थांबवून वीस मिनिटांनी स्लेव्ह ९५ अंशांवर होता, म्हणजे तापमान जवळपास पूर्वीइतकेच. फरक भागांमध्ये पडलाय, उष्णतेत नाही. रिव्हर्स शांत पडतो. स्टँडवरच्या ब्रेकच्या कसोटीत काटा हलत नाही. दुसऱ्या गिअरला तापल्यावर किंचित खरखर उरली आहे, पण ती फक्त जास्त आरपीएमवर पटकन खाली आणताना.

३ ऑगस्ट

गिअरबॉक्सचे ऑइल. भरायचा प्लग आधी सोडवून पाहायचा, मगच खालचा काढायचा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल ओतून टाकलेले असेल तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. सॉकेट २४ चा, सहा कोनी; बारा कोनी कडा खातो.

गरम ऑइल काढले. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप होता, तो ठीक, लोखंडाची रोजची झीज. पांढऱ्या कापडावर ऑइल गाळले तेव्हा पितळेची बारीक चमक दिसली. ती सिंक्रोच्या रिंगची. चमक म्हणजे झीज, तुकडे म्हणजे मोडतोड. तुकडे नव्हते.

नवीन ऑइल ७५डब्ल्यू-९० जीएल-४ (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा), रेडलाइनचे एमटी-९०. माझदाच्या पुस्तिकेत जीएल-५ सुद्धा चालते असे आहे, पण या बॉक्सवर जीएल-४ निवडण्याकडे माझा स्पष्ट कल आहे. सिंक्रोला शाफ्ट थांबवायला घर्षण लागते आणि जीएल-५ मधली जास्तीची दाब-द्रव्ये ते कमी करतात. शिवाय त्यांतली काही पितळेला मानवत नाहीत. बॉक्सला दोन लिटर लागते. अमेरिकेत बाटली क्वार्टची, दोन बाटल्या म्हणजे १.८९ लिटर, थोडे कमी पडते. म्हणून तीन घ्याव्या; तिसरीतून उरते ते वाटीला उपयोगी. वाटी आणि बॉक्स एकाच दिवशी करणे सोयीचे. नळी लावलेल्या पंपाने, भरायच्या छिद्रातून ओघळ येईपर्यंत. गाडी चारही बाजूंनी समपातळीत असावी, नाहीतर पातळी खोटी दिसते.

सहासष्ट डॉलर, तास-सव्वा तास. दुसऱ्या गिअरची खरखर अर्ध्याहून कमी झाली. उरलेली झिजलेल्या सिंक्रोची आहे आणि कुठलेही ऑइल ती भरून काढणार नाही. गिअर घाईने न ओढणे हाच त्यावर सध्या इलाज.

२४ ऑगस्ट

उष्णतारोधक कामे आता केली. दोष निघाल्यावरच ही करावीत. आधी केली असती तर सहा जुलैचे आकडे फसवे आले असते. मास्टरकडच्या बाजूला नळीवर काचतंतूची सिल्व्हर बाही, १८ डॉलर. बोगद्यातल्या मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा एक बोल्ट गंजून तुटला होता आणि पत्रा एक्झॉस्टकडे लोंबत होता. मोठा वॉशर घालून परत बसवला. ट्रॅफिकमध्ये मास्टरचे तापमान ७४ वरून ६९ वर आले. उपयोग आहे, पण याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

एक्झॉस्टच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायचा विचार सोडून दिला. ती ओलावा धरून ठेवते, आतला पाइप गंजतो, आणि इथे तिची गरज सिद्ध झालेली नाही.

एकूण खर्च : किट ७८, स्लेव्ह-मास्टर-नळी १६४, फ्लुइड १४, गिअर ऑइल ६६, बाही १८, थर्मोकपलचे मीटर ३५. बेरीज ३७५ डॉलर. यातला फक्त स्लेव्ह बदलला असता तर ५६ डॉलरमध्ये काही महिने निभावले असते. ज्यांना गाडी विकायची आहे त्यांनी तेवढेच करावे आणि विकत घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे.

५ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा चाळिशीजवळ पारा, म्हणून सगळे परत मोजले. गरम रॉड १४.२ मिमी. स्लेव्हचा टोपडा कोरडा. मास्टरच्या मागे, पेडलच्या बाजूने गालिच्याखाली बोट फिरवून पाहिले, कोरडे. मास्टर गळू लागला तर पहिला ओलावा इंजिनाकडे न दिसता इथे, आत दिसतो. टाकीतले फ्लुइड किंचित करडे झाले आहे, नवीन सीलची सुरुवातीची झीज असते. एकदा निपलमधून शंभर मिलि काढून ताजे भरले.

वाटी उघडून पाहिली नाही. बूट अखंड आहेत आणि दांडा गुळगुळीत आहे. कारण नसताना उघडली तर नवीन गॅस्केट लागते. फ्लुइड दर दोन वर्षांनी, वाटीचे ऑइल गिअरबॉक्सच्या ऑइलबरोबर. पुढच्या उन्हाळ्यात गरम रॉड १३ च्या खाली आला तर आधी मोकळीक, मग टोपडा, मग मास्टर. रॉड १४ वर असूनही रिव्हर्स करकरला आणि पेडल मारून फरक पडला नाही, तरच बॉक्स उतरवायचा. तेव्हा पायलट बेअरिंग, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनचे मागचे तेलसील एकाच वेळी मागवून ठेवावे.

दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोचे काम प्रलंबित.